ऑफ म्हणजे बंद नव्हे

1993 सालची गोष्ट. कोल्हापूरजवळच्या एका फाउंड्रीत मी निर्यात विभागात कारकून होतो. पंपाचे ओतीव भाग लाकडी खोक्यांत भरून इंग्लंडला जात. माल निघण्याआधी गिऱ्हाइकाच्या माणसाने येऊन तो तपासायचा, असा करार होता. एका दुपारी साहेब जेवायला गेलेले असताना तिकडून फोन आला. बोलणारा गृहस्थ सभ्य होता. माझ्या ‘हॅलो’वरूनच त्याने ओळखले असावे की, समोर इंग्रजीला बिचकणारा माणूस आहे; कारण लगेच तो सावकाश, लहान लहान शब्दांत बोलू लागला. इन्स्पेक्शन वीस तारखेपर्यंत ‘पुट ऑफ’ केले आहे, एवढाच त्याचा निरोप होता. मी दोनदा ‘येस सर’ म्हटले, आभार मानले आणि पॅडवर लिहिले : इन्स्पेक्शन ऑफ.

ऑफ म्हणजे बंद. पंख्याच्या बटणावर तसेच लिहिलेले असते. वीस तारीख ही माल पोचण्याची मुदत असणार, असा तर्क मी माझ्या पदरचा जोडला. तपासणी रद्द झाली म्हणून साहेब खूश झाले. त्याच संध्याकाळी ट्रक न्हावाशेव्याकडे निघाला. वीस तारखेला सकाळी तपासनीस हातात मोजमापाची पेटी घेऊन फाटकात उभा, आणि यार्डात एकही खोके नाही! पुढचे सांगत बसत नाही. माल बंदरातून परत आणावा लागला आणि माझी एक वेतनवाढ गेली.

मला जास्त लागले ते वेगळेच. दहावीला इंग्रजीत मला बरे गुण होते. ‘पोस्टपोन’ हा शब्द मला स्पेलिंगसकट येत होता. त्या गृहस्थाने ‘पोस्टपोन’ म्हटले असते, तर ट्रक जागचा हलला नसता. पण मला सोपे जावे म्हणून त्याने तो अवघड शब्द टाळला आणि ‘पुट ऑफ’ म्हटले. त्याला जे सोपे ते मला अवघड, आणि त्याला जे अवघड ते मला सोपे, ही उलटापालट कशी झाली असेल? या प्रश्नाने मी तेव्हा एक वही घातली. आता त्या वह्या अकरा झाल्या आहेत. मी भाषेचा प्राध्यापक नाही. बी.कॉम.नंतर कुठल्या वर्गात बसलो नाही. जे वाचले ते करवीर नगर वाचन मंदिरात, जुन्या बाजारात आणि अलीकडे संगणकावर. वाचकांनी एवढे लक्षात ठेवून पुढचे वाचावे.

साधे क्रियापद आणि त्यामागे ‘अप’, ‘आउट’, ‘ऑफ’, ‘ऑन’, ‘डाउन’ असा एखादा छोटा शब्द, अशी ही जोडी. इंग्रजीत हिला फ्रेझल व्हर्ब म्हणतात. हे नाव रूढ होण्यात लोगन पिअरसॉल स्मिथ यांच्या 1925 सालच्या ‘वर्ड्स अँड इडियम्स’ या पुस्तकाचा मोठा वाटा आहे. ऑक्सफर्डच्या महाकोशाचे संपादक हेन्री ब्रॅडली यांनी हे नाव आपल्याला सुचवले, असे स्मिथ सांगतात. म्हणजे वस्तू आठनऊशे वर्षे जुनी आणि नाव कालपरवाचे. मागे लागणाऱ्या त्या छोट्या शब्दाला मी माझ्या वहीत ‘शेपूट’ म्हणत आलो आहे. इथेही तेच म्हणतो.

या शेपटाचा माग काढत मागे गेले की, पीटरबरो या गावच्या मठात पोचायला होते. इंग्लंडात आल्फ्रेड राजाच्या काळापासून मठामठांतून वर्षवार बखर लिहिली जात असे. 1066 साली नॉर्मंडीच्या विल्यमने देश जिंकला. दरबाराची भाषा फ्रेंच झाली, विद्येची लॅटिन होतीच, आणि इंग्रजीतल्या बखरी एकेक करून बंद पडल्या. पीटरबरोची मात्र 1154 पर्यंत चालू राहिली. 1116 मध्ये तो मठ जळाला होता. साधूंनी दुसरीकडून बखर आणून नकलून घेतली आणि पुढची वर्षे स्वतः लिहीत गेले. दरबाराला नको असलेल्या भाषेत, रोज बोलत तसे ते लिहीत. आपल्याला आज त्यांच्या वाक्यांत नेमके हेच सापडते.

1127 साली राजा पहिला हेन्री याने या मठावर आपल्या नात्यातला एक मठाधिपती लादला. त्याचेही नाव हेन्री, मूळचा प्वातूचा. बखरकार साधूचा त्याच्यावर मनस्वी राग. पोळ्यातले आयते खाणारे नर जसे राहतात तसा हा राहिला, मिळेल ते घेऊन बाहेर पाठवत गेला, असे तो लिहितो. शेवटी 1132 च्या नोंदीत राजाने त्याला बोलावून मठाची गादी सोडायला लावली आणि देशाबाहेर घालवले. ‘सोडायला लावली’ या जागी साधूने ‘गिव्ह अप’ लिहिले आहे. स्पेलिंग जुने, वळण वेगळे, पण शब्द तेच दोन. जोडीतल्या या ‘अप’चा ‘वर’ या दिशेशी काही संबंध उरलेला नाही, अशा अगदी सुरुवातीच्या लेखी प्रयोगांत हा मोडतो. एका लोभी महंताची हकालपट्टी लिहून ठेवताना एका रागावलेल्या साधूने तो लिहिला, याची मला अजून गंमत वाटते.

त्याआधीच्या इंग्रजीत हे काम पुढे लागणारे उपसर्ग करत. त्यांतले काही आजही शिल्लक आहेत. ‘फरगिव्ह’, ‘ओव्हरकम’, ‘अंडरस्टँड’, ‘विथस्टँड’ हे त्या जुन्या घराचे वासे. ‘विथस्टँड’मधल्या ‘विथ’चा अर्थ ‘सोबत’ नसून ‘विरुद्ध’ असा आहे. त्या शब्दाचा जुना अर्थ तोच होता. हळूहळू बरेच उपसर्ग उच्चारात झिजले, त्यांचे वजन गेले, आणि छोटे शब्द क्रियापदाच्या मागे जाऊन उभे राहिले. याला डेन्मार्क-नॉर्वेकडून येऊन पूर्व इंग्लंडात वसलेल्या लोकांची बोली कारण झाली, असा एक मतप्रवाह आहे. त्यांच्या भाषेत ‘गेफा उप्प’ असा अगदी जुळा प्रयोग होता आणि पीटरबरो त्यांच्याच वस्तीच्या पट्ट्यात येते. सगळे श्रेय पाहुण्यांना द्यावे की घरातलाच बदल मानावा, यावर पंडितांचा वाद आहे. मला दोन्ही थोडे थोडे खरे वाटते.

याच सुमारास घरावर दुसरा मजला चढत होता. कोर्टकचेरी, चर्च, वैद्यक आणि विद्या यांच्यासाठी फ्रेंच-लॅटिन क्रियापदे येत राहिली. आग विझवणे हे खालच्या मजल्यावर ‘पुट आउट’, वरच्या मजल्यावर ‘एक्स्टिंग्विश’. सहन करणे खाली ‘पुट अप विथ’, वर ‘टॉलरेट’. शरण जाणे खाली ‘गिव्ह अप’, वर ‘सरेंडर’. चौकशी करणे खाली ‘लुक इनटू’, वर ‘इन्व्हेस्टिगेट’. इंग्रज मूल खालच्या मजल्यावर जन्मते आणि शाळेत जिना चढते. आपल्याला दाराशी जिनाच दिसला नाही. शिडी लावून थेट वरच्या खिडकीतून आत घेतले गेले.

ती शिडी कोणी लावली, याचा शोध घेताना माझी गाठ डॉक्टर सॅम्युएल जॉन्सन यांच्याशी पडली. त्यांचा इंग्रजी कोश 1755 चा. प्रस्तावनेत त्यांनी या जोड्यांबद्दल स्वच्छ कबुली दिली आहे. क्रियापदाला मागून छोटा शब्द लावून अर्थ बदलण्याची पद्धत आमच्या भाषेत बहुधा इतर कुठल्याही भाषेपेक्षा जास्त आहे आणि परकीयांना सर्वांत मोठी अडचण तिचीच होते, असे ते म्हणतात. पुढे ‘कम ऑफ’, ‘फॉल ऑन’, ‘ब्रेक ऑफ’, ‘सेट आउट’ अशी उदाहरणे देतात आणि हे प्रयोग आपण काळजीने टिपले असल्याचे सांगतात. टिपले आहेतच. त्यांच्या कोशात एकट्या ‘टेक’चे 134 अर्थ आहेत, आणि त्यांतले कितीतरी शेपटांमुळे झालेले. आपली अडचण अडीचशे वर्षांपूर्वी एका इंग्रजाने ओळखून ठेवली होती, हे वाचून मला माझी वेतनवाढ परत मिळाल्यासारखे वाटले.

पण हेच जॉन्सन स्वतः लिहायला बसले की वरच्या मजल्यावर राहत. त्यांचे गद्य लॅटिन वळणाचे, तोललेले, भारदस्त. आणि महाराष्ट्राने आदर्श म्हणून उचलले ते हेच गद्य. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी जॉन्सनच्या ‘रासेलस’चे भाषांतर सुरू केले, ते विष्णुशास्त्र्यांनी पुरे केले. ‘निबंधमाले’त विष्णुशास्त्र्यांनी जॉन्सनवर लिहिले, ते जवळच्या माणसावर लिहावे तसे. मराठी निबंधाला याचा फायदा झाला हे उघड आहे. पण 1835 च्या मेकॉलेच्या टिपणानंतर आणि 1857 च्या मुंबई विद्यापीठानंतर आपल्याकडे जे इंग्रजी रुजले, ते असे ग्रंथातून ग्रंथात गेलेले इंग्रजी होते. मिल्टन, ॲडिसन, जॉन्सन वाचलेला पदवीधर अग्रलेख लिहू शके. गोदीवरच्या गोऱ्या मुकादमाची भाषा त्याच्या कानी येण्याचा प्रश्नच नव्हता. शिवाय संस्कृत पचवलेल्या माणसाला लॅटिन घडणीचे लांब शब्द आपलेसे वाटतात. घडण ओळखीची असते. ती ओळख किती खोल आहे, ते मला फार उशिरा कळले. त्याकडे येतोच.

शाळेच्या पुस्तकांत या जोड्या नव्हत्या असे नाही. होत्या, पण याद्यांच्या रूपाने. नेस्फिल्डचे व्याकरण, नंतर रेन आणि मार्टिन यांचे. यांतले रेन मुंबई इलाख्यात शिक्षणखात्यात नोकरीला होते आणि पुढे ‘बो जेस्ट’ ही फ्रेंच लष्करावरची कादंबरी लिहून जगभर गाजले. त्यांच्या व्याकरणात वाक्प्रचारांच्या प्रकरणात क्रियापदवार वाक्ये दिलेली आहेत. एका क्रियापदाखाली सात-आठ शेपटे, प्रत्येकाचे एक वाक्य, आणि पाठ करा. आमच्या गुरुजींनी आम्हाला तशीच एक यादी फळ्यावर दिली होती. ‘पुट’च्या खाली ‘पुट ऑफ’ नक्की असणार. पाठही केले असणार. पण ‘ऑफ’ने ‘पुट’चे नेमके काय केले, हे कोणी सांगितले नाही, आणि सांगण्यासारखे काही असते हे आम्हाला ठाऊक नव्हते.

विसाव्या शतकात या प्रश्नाशी झगडलेल्या माणसांत मला तिघे महत्त्वाचे वाटतात. पहिले सी. के. ऑग्डेन. 1930 साली त्यांनी ‘बेसिक इंग्लिश’ मांडले. शब्द फक्त 850, आणि त्यांत क्रियापदे अवघी 18. जगाने एवढेच शिकावे, बाकी सगळे यांतूनच जुळवावे. कागदावर हे फार मोहक दिसते. पण 18 क्रियापदांवर संसार चालवायचा तर शेपटांवाचून गत्यंतर नाही. ‘पुट’, ‘अप’ आणि ‘विथ’ हे तिन्ही शब्द ऑग्डेनच्या यादीत आहेत, म्हणून ‘पुट अप विथ’ फुकटात येते काय? यादी छोटी झाली, पण सगळी अडचण शेपटात जाऊन बसली. माझ्या फोनवरच्या गृहस्थाने नकळत ऑग्डेनचाच प्रयोग माझ्यावर केला होता.

दुसरे मायकेल वेस्ट. हे ढाक्याला शिक्षणखात्यात होते. बंगाली मुलांना इंग्रजी बोलण्यापेक्षा वाचता येण्याची गरज आधी आहे, असे त्यांचे निरीक्षण, आणि त्यावर 1926 साली त्यांनी अहवालवजा मोठे पुस्तक लिहिले. 1935 साली एंडिकॉट यांच्यासह त्यांनी काढलेल्या कोशात सगळ्या व्याख्या 1490 शब्दांत बसवल्या होत्या. तिसरे ए. एस. हॉर्नबी. हे जपानमध्ये शिकवत. 1942 साली, युद्ध ऐन भरात असताना, तोक्योत त्यांचा कोश निघाला. तोच पुढे ऑक्सफर्डने काढला आणि ॲडव्हान्स्ड लर्नर्स डिक्शनरी म्हणून आपल्या शाळा-कॉलेजांत पोचला. परक्या माणसाला इंग्रजी शिकवण्याची हत्यारे इंग्लंडात बसून घडली नाहीत. ढाका आणि तोक्योच्या वर्गांत, मुलांच्या चुका बघत ती घडली. नंतर तर फक्त या जोड्यांचेच कोश आले. काउई आणि मॅकिन यांचा 1975 चा, रोझमेरी कोर्टनींचा 1983 चा, कोबिल्डचा 1989 चा. यातला कोबिल्डचा कोश मला रविवारच्या बाजारात रद्दीच्या गठ्ठ्यात मिळाला. त्याच्या शेवटी एक गोष्ट होती, जी मी आधी कुठे पाहिली नव्हती : शेपटांची स्वतंत्र सूची. ‘अप’ कोणकोणते अर्थ आणतो, ‘आउट’ कोणते, ‘ऑफ’ कोणते, असे गट पाडून दिलेले. मी त्या रात्री जेवायला उठलो नाही.

म्हणजे शेपटाला स्वतःचा अर्थ असतो! 1981 साली सुसान लिंडनर या संशोधक बाईंनी कॅलिफोर्नियात ‘अप’ आणि ‘आउट’ या दोनच शब्दांवर प्रबंध लिहिला होता, हे मला पुढे कळले. वरवर लहरी दिसणाऱ्या या जोड्यांत दिशेचे चित्र दडलेले असते, असा त्यांच्या विवेचनाचा रोख आहे. ‘आउट’ म्हणजे बाहेर. झाकलेले बाहेर आले की ते कळते, म्हणून ‘फाइंड आउट’, ‘पॉइंट आउट’, ‘टर्न आउट’. साठा सगळा बाहेर गेला की संपतो, म्हणून ‘सोल्ड आउट’. ‘ऑफ’ म्हणजे अलग, दूर. अंगावरचा कपडा अलग केला की ‘टेक ऑफ’. विमान जमिनीपासून अलग झाले तरी ‘टेक ऑफ’. बटण ऑफ केले की वीज तोडली जाते. आणि ठरलेली तारीख उचलून दूर ठेवली की ‘पुट ऑफ’. रद्द करण्यासाठी ‘कॉल ऑफ’ असे, आणि शिकारी कुत्र्यांना हाक मारून सावजापासून मागे घेण्यालाही ‘कॉल ऑफ’च म्हणतात. ‘ऑफ’चा अर्थ ‘बंद’ नाही, ‘दूर’ आहे. पंख्याच्या बटणाने मला फसवले ते इथे.

ही सगळी हकिकत मी आमच्या पेठेतल्या एका निवृत्त संस्कृत शिक्षकांना उत्साहाने सांगत होतो. ते सुपारी कातरत ऐकत होते. मध्येच म्हणाले, “अहो, हा तर गार्ग्य आणि शाकटायन यांचा वाद.” मी गप्पच. मग त्यांनी यास्काचे निरुक्त काढले. उपसर्गांना स्वतंत्र अर्थ असतो का, हा प्रश्न त्यात सुरुवातीलाच घेतला आहे. शाकटायन म्हणतात, नाही. क्रियापदापासून तोडला तर उपसर्ग काहीच सांगत नाही. गार्ग्य म्हणतात, असतो. प्रत्येक उपसर्गाला आपले आपले अर्थ आहेत. आमच्या गुरुजींची फळ्यावरची यादी शाकटायनाच्या बाजूची होती. लिंडनरबाई गार्ग्याच्या.

त्यांनी पुढे जे दाखवले त्यासाठी मी त्यांचा जन्मभर ऋणी आहे. प्रहार, आहार, संहार, विहार, परिहार : धातू एकच, ‘हृ’, उपसर्गाने अर्थ कुठल्या कुठे नेला. हे आपल्याला शाळेपासून माहीत असते. पण उपसर्ग नेहमी धातूला चिकटलेलाच असतो, असे आपण समजतो. पाणिनीने पहिल्या अध्यायाच्या चौथ्या पादात लागोपाठ तीन सूत्रे दिली आहेत. हे धातूच्या आधी येतात. वेदात मात्र नंतरही येतात. आणि मध्ये दुसरे शब्द घालून दूरही येतात. धातूच्या नंतर, आणि मध्ये शब्द घालून! ‘टर्न द लाइट ऑफ’ म्हणणारा इंग्रज वेगळे काय करतो?

घरी येऊन मी व्युत्पत्तीचे कोश उघडले. इंग्रजी ‘ऑफ’ आणि संस्कृत ‘अप’ हे एकाच मूळ शब्दाचे वंशज. इंग्रजी ‘अप’ आणि संस्कृत ‘उप’ तसेच. ‘आउट’ आणि ‘उद्’ तसेच. हजारो वर्षांत वाटा वेगळ्या झाल्या, त्यामुळे अर्थ जागोजाग सरकले आहेत; ‘उप’ जवळ गेला, ‘अप’ वर चढला. पण कितीतरी ठिकाणी बोट ठेवता येते. कोणी कोणाला ‘कॅरी ऑफ’ केले, तर ते अपहरण. जमिनीतून पाणी ‘कम आउट’ झाले, तर तो उद्गम. समोर येऊन उभा राहिला तो उपस्थित, आणि इंग्रजीत अशा माणसाबद्दल ‘शो अप’ किंवा ‘टर्न अप’ म्हणतात. लॅटिन ‘पोस्टपोन’ फोडले तर ‘नंतर’ अधिक ‘ठेवणे’. म्हणजे वरच्या मजल्यावरचा तो भारदस्त शब्दसुद्धा मुळात ‘पुट ऑफ’सारखाच, फक्त शेपूट पुढे लावून शिवून टाकलेले. मला येणारा शब्द आणि मला न आलेला शब्द यांत फरक एवढाच होता.

हे सर्व खरे असले, तरी चाळीस मुलांच्या वर्गात गार्ग्य उपयोगी पडत नाही. तिथे माझ्या कामी आली ती घरातली मराठी. मराठीत उपसर्गाचे हे काम आज दुसरे क्रियापद करते. व्याकरणकार त्याला संयुक्त क्रियापद म्हणतात. त्याची मान्यता-अमान्यता यावर मोरो केशव दामल्यांपासून खल चालू आहे, त्यात मी पडत नाही. पण जरा कान देऊन ऐका. शोधून काढ : ‘फाइंड आउट’. लिहून काढ : ‘राइट आउट’. हाकलून काढ : ‘ड्राइव्ह आउट’. ‘काढ’ म्हणजे बाहेर आणणे, आणि ‘आउट’ म्हणजे बाहेर. फेडून टाक : ‘पे ऑफ’. तोडून टाक : ‘ब्रेक ऑफ’. खाऊन टाक आणि पिऊन टाक : ‘ईट अप’, ‘ड्रिंक अप’, इथे ‘अप’ म्हणजे शेवटच्या घासापर्यंत. वाचत राहा : ‘रीड ऑन’. लिहून घे : ‘राइट डाउन’. सगळीकडे अशी जोडी बसत नाही. ‘मी त्याला पैसे देऊन बसलो’ यातल्या ‘बसलो’मधली हळहळ इंग्रजीच्या कुठल्याच शेपटात मावत नाही, तिथे आपण श्रीमंत आहोत. पण ज्या मुलीला ‘खा’ आणि ‘खाऊन टाक’ यांतला फरक आईच्या धाकाने कळलेला आहे, तिला ‘ईट’ आणि ‘ईट अप’ वेगळे सांगावे लागत नाही.

हिब्रू बोलणाऱ्या विद्यार्थ्यांवर डॅगट आणि लाउफर यांनी 1985 साली लिहिले होते की, त्यांच्या भाषेत हा प्रकार नसल्यामुळे ते या जोड्या टाळतात. 1989 साली हुल्स्टाइन आणि मार्चेना यांना दिसले की, डच भाषेत तो प्रकार असूनही डच विद्यार्थी काही जोड्या टाळतात, कारण त्या फार ओळखीच्या दिसतात आणि म्हणून फसव्या वाटतात. मराठी माणूस या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी उभा आहे. टाळतो मात्र नक्की. सरकारी अर्जात आपण अजून ‘सबमिट’, ‘इन्टिमेट’, ‘रिक्वेस्ट’ करत असतो. दुसरीकडे हीच शेपटे नामांच्या वेषात मराठीत केव्हाच घुसली आहेत. चेकअपला जातो, मेकअप करतो, लॉकअपमध्ये टाकतो, गाडीला पिकअप नाही म्हणून मेकॅनिककडे नेतो, रनआउट झाल्यावर हळहळतो. पण ‘चेक इट अप’ म्हणायचे की नाही, इथे जीभ अडखळते. (नाही म्हणायचे. ‘चेक अप ऑन’ वेगळे. असो.)

शिकायच्या किती, हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. गार्डनर आणि डेव्हिस यांनी 2007 साली दहा कोटी शब्दांच्या ब्रिटिश मजकुरावर मोजणी केली. सापडलेल्या एकूण प्रयोगांतले निम्म्याहून थोडे जास्त प्रयोग फक्त 100 जोड्यांनी व्यापलेले निघाले. ‘गो ऑन’, ‘कॅरी आउट’, ‘सेट अप’, ‘पिक अप’ सर्वांत पुढे. ही झाली चांगली बातमी. वाईट बातमी अशी की, या 100 जोड्यांना सरासरी साडेपाच अर्थ आहेत. म्हणून मी पाठांतराच्या याद्या देत नाही. जोडी जिथे भेटली ते वाक्य लिहून घ्या, शेपटाखाली रेघ ओढा आणि शेजारी मराठी क्रियापद लिहा, एवढेच सांगतो. एकच नियम घोकून घेतो : ‘इट’, ‘हिम’, ‘देम’ असे सर्वनाम असेल, तर ते मध्येच आले पाहिजे. ‘टेक इट ऑफ’. ‘टेक ऑफ इट’ नाही. आणि ‘लुक आफ्टर हिम’मध्ये ते मध्ये जात नाही, कारण तिथला ‘आफ्टर’ शेपूट नसून पुढच्या नामाचा आहे. ओळखायचे कसे? मोठ्याने म्हणून पाहा. शेपटावर आवाज ठसतो, ‘आफ्टर’वर ठसत नाही.

गेली सहा वर्षे मी परदेशी इस्पितळांत नोकरीला जाऊ पाहणाऱ्या नर्सिंगच्या मुलींना संध्याकाळी इंग्रजी शिकवतो. बहुतेक शेतकऱ्यांच्या घरच्या. ‘हायपरटेन्शन’, ‘इन्फ्लमेशन’, ‘रेस्पिरेटरी डिस्ट्रेस’ त्यांच्या तोंडी सहज असते. वरच्या मजल्यावर त्या माझ्यापेक्षा आरामात राहतात. पण तिकडचा पेशंट ‘व्हॉमिट’ म्हणत नाही, ‘थ्रो अप’ म्हणतो. भूल उतरली की त्याचे नातेवाईक ‘कम राउंड’ म्हणतात. पहिल्याच महिन्यात मी फळ्यावर एक वाक्य लिहिले : रात्री दोन वाजता सहा नंबरचा पेशंट ‘पास आउट’ झाला, तुम्ही काय कराल? मागच्या बाकावरून उत्तर आले, “डिस्चार्ज पेपर तयार ठेवू, सर.” आपल्याकडे कॉलेजातून पास आउट होतात, ही लष्करी संचलनाच्या शब्दाची देणगी, त्यामुळे तिचे काही चुकले नव्हते. फक्त तो पेशंट बेशुद्ध पडलेला होता. मला माझा 1993 चा ट्रक आठवला. माल बंदरातून परत आणता येतो.

त्या दिवसापासून वर्गाची पहिली दहा मिनिटे शेपटांची. मुली आता माझ्याआधी जोड्या लावतात. गेल्या आठवड्यात ‘पुट अप विथ’ निघाले. ऑग्डेनला पुरून उरलेली आणि माझ्या अकरा वह्यांत कुठेच नीट न बसलेली ती जोडी. मी प्रामाणिकपणे सांगितले की, इथे गार्ग्य माझ्या मदतीला येत नाही, ही तेवढी पाठ करा. एक मुलगी उभी राहिली. म्हणाली, “सर, पुट अप म्हणजे वर ठेवणे, विथ म्हणजे सोबत. डोक्यावर बसवून घ्यायचं आणि वर त्याच्याच सोबत राहायचं. आमच्या वॉर्डातल्या सिस्टरांचं आम्ही तसंच करतो.”

वर्ग हसत असताना मी ते फळ्यावर तसेच लिहिले.